'अँटिक इंग्लिश चायमिंग ब्रॅकेट क्लॉक विकणे आहे': या जाहिरातीतल्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

फोटोत एक काळसर लाकडी पेटी दिसते. उंची साधारण दीड फूट. वर उचलायला पितळी मूठ, समोर कमानदार डायल, डायलवर चावीची तीन भोकं. खाली एका ओळीचा मजकूर: अँटिक इंग्लिश चायमिंग ब्रॅकेट क्लॉक, महोगनीची पेटी, आठ घंटांवर सूर, चालू स्थितीत.

ब्रिटनमधल्या लिलावांच्या आणि जुन्या वस्तूंच्या वेबसाईट चाळल्या, तर अशा जाहिराती कायम दिसतात. घोळ किमतीत आहे. फोटोत जवळपास सारखी दिसणारी दोन घड्याळं असतात, एकाची किंमत काही शे पौंड आणि दुसऱ्याची त्याच्या दहापट. विकणारा दोन्हीकडे तेच चार शब्द लिहितो. अँटिक. इंग्लिश. चायमिंग. ब्रॅकेट.

पूर्वी या व्यवहारात लंडनचे डीलर आणि मोजके संग्राहक असायचे. आता गावोगावच्या इंग्लिश लिलावघरांची बोली ऑनलाईन लागते आणि नाशिकमध्ये बसलेला माणूसही फोनवरून ती लावू शकतो. त्यामुळे या चार शब्दांमागे काय दडलंय, हे समजून घेणं फक्त शौकिनांपुरतं राहिलेलं नाही. त्यातच एक विचित्र परिस्थिती तयार झाली आहे. यातली बरीच घड्याळं आज त्यांच्याच दुरुस्तीच्या खर्चापेक्षा स्वस्त मिळतात.

आधी हे घड्याळ आहे तरी काय?

लंबकाचं घड्याळ १६५६ साली नेदरलँड्समध्ये ख्रिश्चियान हायगेन्स या शास्त्रज्ञानं शोधलं. दोनच वर्षांत लंडनमध्ये फ्रोमँटील घराण्यानं अशी घड्याळं विकायला काढली. यातली उंच, जमिनीवर उभी राहणारी घड्याळं वजनांवर चालायची. वजन खाली उतरायला उंची लागते, म्हणून ती एका जागी कायमची उभी. दुसऱ्या प्रकारात वजनांच्या जागी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग आली आणि घड्याळ टेबलावर मावेल एवढं लहान झालं. तेच हे ब्रॅकेट क्लॉक.

नाव थोडं फसवं आहे. भिंतीवरच्या ब्रॅकेटवर यातली थोडीच घड्याळं बसवली जायची, बहुतेक टेबलावरच असायची. त्या काळात लोक त्यांना 'स्प्रिंग क्लॉक' म्हणत. वरची मूठ मात्र शोभेची नव्हती. घड्याळ ही इतकी महागडी गोष्ट होती की श्रीमंत घरातही दर खोलीत एक ठेवणं परवडत नसे. दिवसा बैठकीत असलेलं घड्याळ रात्री उचलून झोपायच्या खोलीत नेलं जायचं.

रात्रीची अडचण वेगळी होती. घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये १८२७ साली विक्रीला आली. त्याआधी मध्यरात्री किती वाजले हे पाहायचं, तर गारगोटीनं ठिणगी पाडून मेणबत्ती पेटवण्याची खटपट करावी लागे. त्यावर उपाय म्हणून पेटीच्या बाजूनं एक दोरी बाहेर काढलेली असायची. अंथरुणातूनच दोरी ओढली की घड्याळ शेवटचा वाजलेला तास पुन्हा टोल्यांनी सांगायचं, आणि चांगलं घड्याळ असेल तर वर किती पाव तास झाले तेही.

या घड्याळाची पाठसुद्धा बघण्यासारखी असते. मागच्या दाराला काच आणि आतल्या पितळी पत्र्यावर फुलं, वेली, पक्षी कोरलेले. वेळ दाखवण्यासाठी त्या कोरीवकामाचा काडीचा उपयोग नाही. घड्याळ खोलीच्या मधोमध किंवा आरशासमोर ठेवलं जाई आणि पाहुण्यांनी मागची बाजूही पाहावी अशी यजमानाची अपेक्षा असे. खरेदीदाराच्या दृष्टीनं हीच बाजू सर्वांत बोलकी आहे, आणि कित्येक जाहिरातींत नेमका तिचाच फोटो नसतो.

टोले आणि चाइम यात फरक काय?

डायलवरची भोकं मोजली की अर्धं उत्तर मिळतं. एक भोक असेल तर घड्याळ फक्त वेळ दाखवतं. दोन असतील तर तासाला टोलेही देतं. तीन असतील तर दर पाव तासाला सूर वाजवतं, आणि यालाच चाइम म्हणतात. प्रत्येक भोकामागे एक स्वतंत्र स्प्रिंग आणि दातेरी चाकांची स्वतंत्र रांग असते. म्हणजे तीन भोकांच्या पेटीत एकमेकांशी ताळमेळ ठेवून चालणारी तीन यंत्रं असतात. यातल्या बहुतेक घड्याळांना आठवड्यातून एकदा चावी दिली की पुरतं.

सूर वाजवणारा भाग म्हणजे पिना बसवलेला एक पितळी दंडगोल. तो फिरतो तशी एकेक पिन एकेका हातोडीला उचलते आणि सोडते. हातोड्या ओळीनं लावलेल्या वाट्यांसारख्या घंटांवर पडतात. चावीच्या म्युझिक बॉक्सचं तत्त्वही हेच.

हेच काम मोठ्या आकारात ऐकायचं असेल, तर मुंबईत फोर्टमधला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यातून आजही दर पाव तासाला घंटांचा सूर ऐकू येतो. पूर्वी तिथे सोळा वेगवेगळ्या धून वाजत असत.

घड्याळाचं वय ओळखायला या सुराची मोठी मदत होते. बहुतेकांच्या कानात बसलेली 'बिग बेन'ची चार-चार सुरांची धून आधी केंब्रिजमधल्या ग्रेट सेंट मेरी चर्चसाठी १७९३च्या सुमारास तयार झाली. लंडनच्या संसदेच्या घड्याळात ती १८५९ साली आली. तिचं 'वेस्टमिन्स्टर चाइम' हे नाव आणि घरोघरची लोकप्रियता ही त्यानंतरची. म्हणून 'अठराव्या शतकातलं मूळ घड्याळ' म्हणून जाहिरात असलेलं घड्याळ वेस्टमिन्स्टर धून वाजवत असेल, तर एकतर वय चुकीचं सांगितलंय किंवा आतलं यंत्र नंतर बदललंय. घंटांऐवजी वेटोळ्या तारेचे गाँग असतील, तर तोही एकोणिसाव्या शतकाचा किंवा त्यानंतरचा मामला समजावा.

हे तपासायला घड्याळ उघडावं लागत नाही. पाव तासाचा व्हिडिओ मागवला तरी पुरतं.

'इंग्लिश' कुठवर इंग्लिश?

खरा पैसा याच शब्दात अडकलेला आहे, आणि फसवणूकही याच शब्दात जास्त होते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडन हे घड्याळांच्या जगाचं केंद्र झालं होतं. बेडफर्डशायरमधल्या एका लोहाराचा मुलगा, थॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३), इतका नावाजला की त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये जागा मिळाली. राजा विल्यम तिसरा याच्यासाठी त्यानं केलेलं एक घड्याळ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते टेबलावरचंच, स्प्रिंगवरच चालणारं. पण एकदा चावी दिली की वर्षभर चालतं आणि वर्षभर टोलेही देतं.

नाव मोठं झालं की नकला येतातच. टॉम्पियनचं नाव कोरलेला बनावट माल त्याच्या हयातीतच बाजारात होता. दुसरी युक्ती अशी, की लंडनहून नुसत्या रिकाम्या पेट्या आणि डायल परदेशी जायच्या, तिथे आत हलक्या प्रतीची मशीन बसायची आणि ते घड्याळ 'लंडनचं' म्हणून विकलं जायचं. हा प्रकार इतका वाढला की १६९८ साली इंग्लंडच्या संसदेनं कायदाच केला. आत पूर्ण मशीन आणि त्यावर कारागिराचं नाव असल्याशिवाय पेटी किंवा डायल देशाबाहेर पाठवायची नाही. म्हणजे 'पेटी एकाची, मशीन दुसऱ्याची' ही तक्रार सव्वातीनशे वर्षं जुनी आहे.

आजच्या व्यापारात अशा जोडणीला 'मॅरेज', म्हणजे लग्न, असं म्हणतात. सुंदर पेटी पण मशीन गेलेली, आणि चांगली मशीन पण पेटी वाळवीनं खाल्लेली. दोघांचं लावून दिलं की एक देखणं घड्याळ तयार होतं. ते चालतं, वाजतं, फोटोतही छान येतं. पण जाणकाराच्या लेखी त्याची किंमत मूळ घड्याळाच्या आसपासही नसते.

डायलवरचं नाव हाही पुरावा मानता येत नाही. अठराव्या शतकात लंडनच्या क्लार्कनवेल भागात घड्याळाचं काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं होतं. चाकं कापणारा एक, डायल करणारा दुसरा, कोरीवकाम करणारा तिसरा, पेटीचा सुतार चौथा. तिथल्या थ्वेट्ससारख्या कार्यशाळा पूर्ण मशीन तयार करून इतरांना पुरवत आणि डायलवर नाव विकणाऱ्याचं यायचं. आतल्या बारीक साखळ्या १७९०च्या सुमारापासून दक्षिण इंग्लंडच्या क्राइस्टचर्च गावात तयार होऊ लागल्या. सायकलच्या साखळीची सूक्ष्म आवृत्ती म्हणता येईल अशा या साखळ्यांच्या कड्या जोडायचं काम बायका आणि लहान मुलं करत, काही मुलं तर अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसमधून आणलेली. त्यांची नावं अर्थातच कुठल्या डायलवर नाहीत.

भारतातलं उदाहरण हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये आहे. दर तासाला आतून एक छोटी आकृती बाहेर येते, घंटेवर टोले देते आणि समोर बसलेली गर्दी मोबाईल वर करते. तेच ते प्रसिद्ध घड्याळ. त्यावर नाव कोलकात्याच्या कुक अँड केल्वी या पेढीचं आहे, सामान मात्र इंग्लंडहून आलेलं. कोलकात्याच्या आणि मुंबईच्या जुन्या पेढ्यांच्या नावाची जी घड्याळं आज बाजारात दिसतात, त्यातल्या बऱ्याचशांचा प्रकार हाच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोष्ट आणखी उलटली. इंग्लिश थाटाची पेटी, इंग्लिश जवाहिऱ्याचं डायलवर नाव, आणि आत जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधली मशीन. विंटरहाल्डर आणि होफमायर या कारखान्याच्या मशीन तर इतक्या चांगल्या होत्या की आजही जाणकार त्यांना नावं ठेवत नाहीत. मागच्या पत्र्यावर 'डब्ल्यू अँड एच एस-सी-एच' असा शिक्का दिसला की ती जर्मन. १८८७च्या ब्रिटिश कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव टाकणं भाग पाडलं, त्यामुळे काहींवर सरळ 'जर्मनी' लिहिलेलंही सापडतं.

हे घड्याळ वाईट नव्हे. पण त्याला 'इंग्लिश' म्हणून इंग्लिश मशीनचा भाव लावणं ही फसवणूक आहे. इंग्लिश मशीनची एक ठळक खूण म्हणजे फ्यूझी. स्प्रिंगचा जोर चावी दिल्यावर जास्त असतो आणि उलगडत जाईल तसा कमी होतो. तो सगळीकडे सारखा राहावा म्हणून इंग्लिश कारागीर मधे एक शंकूच्या आकाराचा, खाचा पाडलेला पितळी भाग बसवायचे आणि त्यावर साखळी किंवा तात गुंडाळायचे. जोर जास्त असताना साखळी शंकूच्या बारीक टोकाकडून ओढते, जोर कमी झाला की रुंद भागाकडून. युरोपात इतरांनी ही खर्चिक भानगड कधीच सोडून दिली होती, इंग्रज मात्र धरून बसले. चाइमच्या घड्याळात असे तीन शंकू दिसले, तर जाहिरातीतल्या 'इंग्लिश' शब्दाला आधार मिळतो.

मग एवढी कारागिरी असून भाव का पडले?

सगळ्यांचे पडलेले नाहीत. टॉम्पियन, निब, ग्रॅहम अशा मोजक्या नावांची, फारशी छेडछाड न झालेली घड्याळं आजही मोठ्या रकमेला जातात. घसरण झाली ती मधल्या फळीची. साधारण १७८० ते १९१० या काळातली, चांगली पण विशेष नसलेली घड्याळं.

कारण घड्याळात कमी आणि घरात जास्त आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ब्रिटनमध्ये जुन्या गडद लाकडी फर्निचरची मागणीच आटली. व्यापारी त्याला वैतागून 'ब्राउन फर्निचर' म्हणतात. घरं लहान झाली, भिंती पांढऱ्या झाल्या, आणि आजी गेल्यावर तिचं महोगनीचं कपाट कुणाकडे ठेवायचं हा भावंडांमधला वाद 'कुणीच नको' इथे येऊन थांबला. मराठी घरांत जुन्या शिसवी पलंगाचं जे झालं, तेच. ब्रॅकेट क्लॉक त्या कपाटावर बसायचं, ते कपाटाबरोबरच खाली आलं. शिवाय दर पंधरा मिनिटांनी वाजणारी वस्तू फ्लॅटमध्ये सगळ्यांना सहन होतेच असं नाही. म्हणूनच अनेक घड्याळांच्या डायलवर कारखान्यातूनच 'चाइम / सायलेंट' असा छोटा काटा दिलेला असतो.

कराच्या बाबतीत ब्रिटिश कायदा एक गंमत करतो. यंत्र म्हणजे 'झिजणारी मालमत्ता', तिचं आयुष्य ५० वर्षांपेक्षा जास्त नाही, असं तो गृहीत धरतो. घड्याळ हे यंत्र. म्हणून कुणी खासगी मालकानं तीनशे वर्षं चाललेलं घड्याळ नफ्यात विकलं तरी त्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. 'गुंतवणूक म्हणून घड्याळ घ्या' असं सांगणारे ही गोष्ट हमखास सांगतात. त्याच नियमानुसार तोटा झाला तर तो दाखवून करात सूटही मिळत नाही, हे सांगायचं बहुधा राहून जातं. आणि मधल्या फळीत गेली काही वर्षं तोटाच जास्त झाला आहे.

'चालू स्थितीत' म्हणजे काय?

जाहिरातीतले सर्वांत महाग पडणारे शब्द हेच असू शकतात.

जुनं घड्याळ चालतंय याचा अर्थ ते ठीक आहे असा होत नाही. तेल वाळतं, त्यात धूळ मिसळते आणि त्याची पॉलिश पेपरसारखी खरखरीत पेस्ट तयार होते. चाकांचे पोलादी आस पितळी पत्र्यातल्या भोकांत फिरतात आणि ती गोल भोकं हळूहळू लांबट होत जातात. स्प्रिंगमध्ये जोर भरपूर असल्यामुळे घड्याळ तक्रार न करता चालत राहतं. ज्या दिवशी थांबतं, त्या दिवशी झीज खूप पुढे गेलेली असते. वर कुणीतरी हौसेनं डब्यातला स्प्रे मारलेला असतो, तो वेगळाच.

तीन रांगांची मशीन पूर्ण खोलून साफ करणं, भोकांना नवं पितळ बसवणं, पिना-हातोड्यांचा मेळ पुन्हा लावणं हे कित्येक दिवसांचं काम आहे. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. दात तुटला तर तो हातानं बसवावा लागतो. ब्रिटनमध्ये या कामाचं बिल सहज हजार पौंडांच्या घरात जाऊ शकतं. घड्याळ त्याहून कमी किमतीला घेतलेलं असेल, तर मालकाचा हिशोब बिघडतो. तो बिल ऐकून हात मागे घेतो. घड्याळ आणखी थोडे दिवस तसंच चालतं आणि मग कुणीतरी ते 'थांबलेलं, शोभेसाठी' म्हणून विकतं. पेटी एकीकडे, घंटा एकीकडे, मशीन सुट्या भागांसाठी तिसरीकडे. पुढच्या 'मॅरेज'चा कच्चा माल इथूनच येतो.

दुसरी बाजू कारागिरांची. ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही संस्था १८५८ पासून या क्षेत्रात आहे. ससेक्समधल्या वेस्ट डीन कॉलेजमध्ये जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचं खास शिक्षण मिळतं. पण असं शिकवणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. 'हेरिटेज क्राफ्ट्स' ही ब्रिटिश संस्था लोप पावत चाललेल्या हस्तकलांची एक रेड लिस्ट काढते. तिनं मनगटी आणि खिशातली घड्याळं बनवण्याची कला 'अतिसंकटग्रस्त' गटात टाकली आहे. मोठ्या घड्याळांचं काम त्याच कुळातलं. स्वस्त घड्याळं दुरुस्तीला जात नाहीत, म्हणून नव्या कारागिराला रोजचं काम मिळत नाही. कारागीर कमी म्हणून दुरुस्ती महाग, आणि दुरुस्ती महाग म्हणून घड्याळ स्वस्त.

जुन्या दुरुस्तीतही एक मेख आहे. सुरुवातीच्या घड्याळांत 'व्हर्ज' नावाची रचना असायची. घड्याळ उचलून कुठेही ठेवलं, टेबल थोडं तिरकं असलं, तरी ते चालायचं. म्हणून तर मूठ उपयोगाची होती. एकोणिसाव्या शतकात अधिक अचूक वेळेसाठी अनेकांनी ती काढून 'अँकर' रचना बसवली. विसाव्या शतकात संग्राहकांना मूळ रूप हवंसं झालं, म्हणून काहींमध्ये पुन्हा नवी व्हर्ज आली. त्यामुळे आज तीन प्रकार मिळतात: कधीच न बदललेलं, एकदा बदललेलं आणि पूर्ववत केलेलं. चालण्यात फारसा फरक दिसत नाही, किमतीत बराच दिसतो. कोणता प्रकार आहे हे स्वतःहून सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.

भारतात मागवायचं ठरवलं तर?

समजा, एका ब्रिटिश लिलावात बोली १,००० पौंडांवर थांबली. त्यावर लिलावघराचा प्रीमियम २५ टक्के धरू, म्हणजे २५० पौंड. प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, आणखी ५०. ऑनलाईन बोलीचं शुल्क वेगळं असू शकतं. म्हणजे हातोडा हजाराला पडला तरी बिल १,३०० पौंडांच्या पुढे. मग लंबक बांधून, घंटांमध्ये कापूस-कागद भरून केलेलं पॅकिंग, विमानभाडं, विमा, आणि इथे उतरल्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, हे लक्षात ठेवून पुढचा गुणाकार करावा.

शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी सीमाशुल्कात ९७०६ हा स्वतंत्र क्रमांक आहे. वयाचा कागद नसेल तर अधिकारी ते साधं घड्याळ धरू शकतो. १९३० नंतरची, वेस्टमिन्स्टर धून वाजवणारी बरीच इंग्लिश घड्याळं 'अँटिक ब्रॅकेट क्लॉक' म्हणून विकली जातात, पण त्यांची शंभरी भरलेली नाही.

पेटीवर हस्तिदंताचं जडावकाम असेल तर विषयच संपला. ब्रिटनमध्ये ६ जून २०२२ पासून हस्तिदंती वस्तूंच्या विक्रीवर बंदी आहे. १९४७ पूर्वीच्या आणि हस्तिदंत १० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या वस्तूला नोंदणी करून सूट मिळू शकते, पण भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला आणि त्यासाठी आयात करायला परवानगीच नाही. तुर्की बाजारासाठी केलेल्या काही घड्याळांवर कासवाच्या पाठीचं आवरण असतं, तिथेही वन्यजीव कायदा आडवा येतो. विक्रेत्याला 'यात कोणत्या प्राण्याचा भाग आहे का' असं लेखी विचारावं.

कमी माहीत असलेला मुद्दा घड्याळ परत नेण्याचा आहे. भारताचा १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षं जुन्या कलाकुसरीच्या वस्तूला 'पुरावशेष' मानतो. त्या व्याख्येत वस्तू भारतातच बनलेली असावी अशी अट नाही. आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेलाच आहे. म्हणजे लंडनहून हौसेनं पुण्यात आणलेलं किंवा गिरगावातल्या घरात चार पिढ्या असलेलं इंग्लिश घड्याळ उद्या मुलीकडे अमेरिकेत पाठवायचं ठरलं, तर ते कुरियरवाल्याच्या हातात देऊन चालणार नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जावं लागेल. ज्या घरात असं घड्याळ आधीपासून आहे, त्यांनी तर हे नक्की माहीत करून घ्यावं.

आपली हवा हा शेवटचा प्रश्न. जुन्या पेट्यांवरचे लाकडाचे पातळ थर प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसानं चिकटवलेले असतात. कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा त्या सरसाला मानवत नाही, आणि एसीच्या थेट झोतात लाकूड आकसून तडकतं. देशावरची हवा त्या मानानं बरी, तरी खिडकीपासून लांबच ठेवलेलं चांगलं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे काय मागायचं?

मागचं दार उघडून पूर्ण पत्र्याचा फोटो. पेटीच्या तळाचा आणि मशीन जिथे स्क्रूनं बसते त्या जागेचा फोटो. तिथे जुनी, न वापरलेली भोकं बुजवलेली दिसली, तर त्या पेटीत आधी दुसरी मशीन राहून गेली आहे. शेवटची दुरुस्ती कुणी, कधी केली याचं बिल. आणि एक सलग, न कापलेला व्हिडिओ: पावणेबाराच्या आधी सुरू होऊन बाराचा शेवटचा टोला पडेपर्यंतचा, मागचं दार उघडं ठेवून. पंधरा-सोळा मिनिटांच्या या व्हिडिओत दोन वेळा सूर वाजतो आणि मग सर्वांत लांब टोले. कुठे अडखळतं, कोणती हातोडी उचलली जात नाही, सूर संपायच्या आत तास सुरू होतो का, हे सगळं त्यात दिसतं.

चावीला हात मात्र जाणकारानंच लावावा. पूर्ण भरलेल्या स्प्रिंगचा जोर उतरवल्याशिवाय कुणी मशीन खोलली, तर चाकांचे दात जातात आणि बोटंही.